ऑफिसात हवा 'चांगली', गोवंडीत घरी खोकला – प्युरिफायर घेऊन काही होईल का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी गोवंडीला राहतो, पीएपी म्हणजे प्रकल्पग्रस्तांची बिल्डिंग, दुसरा मजला, २२५ स्क्वेअर फूट. आधी आम्ही चाळीत होतो, रस्त्यात घर गेलं म्हणून इकडे आलो. नोकरी बीकेसीत, एका ऑफिसच्या ॲडमिनला.

तर झालंय असं की आमच्या ऑफिसच्या लॉबीत मागच्या वर्षी एक स्क्रीन लावलाय, त्यावर आतलं पीएम २.५ (हवेतली एकदम बारीक धूळ) आणि बाहेरचं पीएम २.५ असे दोन आकडे शेजारीशेजारी दिसतात. आतला हिरवा, बाहेरचा कधी पिवळा कधी लाल. साहेब लोकं येता-जाता बघून खूश होतात, मी पण आधी खूश व्हायचो. मग एक दिवस डोक्यात आलं की मी इथे नऊ तास, आणि पोरगी घरी चोवीस तास.

मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दिवाळी झाली की खोकला सुरू होतो तो होळीपर्यंत जात नाही. डॉक्टर म्हणतात बालदमा, पंप दिलाय, तो लांबडा प्लास्टिकचा डबा लावून द्यायचा तो. पंपाने फरक पडतो, खोटं नाही बोलणार. पण मागच्या वेळेला डॉक्टर सहज म्हणाले, जमलं तर जागा बदलून बघा. बायको तिथेच हसली, म्हणाली जागा बदलूनच तर इथे आलोय.

घराला एक खिडकी, समोर दुसरी बिल्डिंग, समोरच्या काकू वाटीतून कालवण देतात खिडकीतून, इतकं अंतर. पहाटे चारला पाणी येतं तेव्हा उठलो की जळक्या प्लास्टिकचा वास घरभर असतो. दहा-अकराला कमी होतो. मजा म्हणजे पहाटे वास असताना हवेचं ॲप उघडून बघावं तर आकडा 'मध्यम'.

प्रश्न दोन आहेत.
एक, ॲप खोटं बोलतं का?
दोन, ऑफिसातला एक जण वापरलेला एअर प्युरिफायर सहा हजाराला देतोय. घेऊ का? सहा हजार आमच्यासाठी लहान रक्कम नाही, बायकोचं म्हणणं तेवढ्यात मुलीची बालवाडीची फी निघते.

फिल्टरबाबा

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण पैशाचा मामला आहे. थांबा, घेऊ नका लगेच.

हेपा फिल्टर बारीक धूळ अडवतो, यात शंका नाही, पण तो खोलीतली तीच तीच हवा फिरवून साफ करतो. म्हणजे खिडकी-दार बंद पाहिजे. तुमची खोली साधारण दोन हजार घनफूट, म्हणजे ५७ घनमीटरच्या आसपास. तासाला पाचेक वेळा सगळी हवा फिरायची असेल तर मशीनवर सीएडीआर नावाचा आकडा (तासाला किती घनमीटर हवा साफ होते तो) लिहिलेला असतो तो २८०-२९० पाहिजे. सहा हजाराचं सेकंडहँड मशीन बहुतेक त्याच्या निम्मं असेल आणि फिल्टर संपलेला असेल. नवीन फिल्टरचा खर्च वेगळा, दर वर्षी.

आणि मुख्य म्हणजे २२५ फुटांत स्वयंपाक, मोरी, चार माणसं, दार सारखं उघडं. मार्च उजाडला की बंद खोलीत पंख्यावर कोण बसणार? तुमच्या ऑफिसात ते जमतं कारण तिथे एसी आहे आणि काचा उघडतच नाहीत. प्युरिफायर ही ज्याच्याकडे खिडकी बंद करायची सोय आहे त्याची वस्तू आहे, असं माझं मत.

वासाचं वेगळंच. जळक्या प्लास्टिकचा वास म्हणजे वायू, तो हेपातून आरपार जातो. त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बनचा जाड थर लागतो, स्वस्त मशीनमध्ये नावाला जाळी असते.

आता ॲप. खोटं नाही बोलत, पण तुम्ही विचारताय त्या प्रश्नाचं उत्तर ते देतच नाही. एक्यूआय, म्हणजे ॲपवरचा हवेचा निर्देशांक, हा २४ तासांची सरासरी काढून देतात (ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइड सोडून, त्यांची आठ तासांची). तुमचा पहाटे चारचा धूर त्या सरासरीत विरघळून जातो. दुसरं, तो आकडा जिथे मशीन बसवलंय तिथला. मशीन आणि तुमची गल्ली यांच्यामध्ये कोण काय जाळतंय ते त्याला कसं कळणार. तासाचा आकडा देणारं पान असतं, ते बघत जा.

सुगरण_नसलेली

खाडीकाठ दादा, आधी एक सांगा, घरात डासांची कॉइल लावता का? गोवंडीत खाडीच्या बाजूला डास किती ते मला माहितीये, मावशी राहते. एका अभ्यासात मोजलं होतं, एका कॉइलमधून निघणारं पीएम २.५ हे ७५ ते १३७ सिगारेटींइतकं भरलं. आणि आपण ती लेकराच्या पलंगाखाली ठेवतो! मी पण ठेवायची, माहीत नव्हतं. मच्छरदाणी लावा, दोनतीनशेत येते. उदबत्ती-धूप पण बंद, देवाला राग येत नाही.

फोडणीचा धूर हा दुसरा. आमच्याकडे मिरचीचा खाट उठला की सगळी बिल्डिंग शिंकते. पोरीला त्या वेळेला बाहेर पॅसेजमध्ये कुणाकडे तरी द्या.

कुलाबकर

माफ करा पण हा सगळा गरीब-श्रीमंत रंग कशाला? हवा सगळ्यांची एकच आहे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात आमच्या कुलाब्याला, नेव्हीनगरला आकडा ३०० च्या वर गेलेला, पेपरात रोज फोटो. वरळी-माझगाव कुठे सुटलं? समुद्राला लागून राहणाऱ्यांची ही गत. वारा पिनकोड विचारून येत नाही.

फिल्टरबाबा

@कुलाबकर त्या हिवाळ्यात आकडे वाढले होते हे खरंच. आपल्याकडे दुपारी समुद्रावरून वारा येतो, तो शहरातली घाण पूर्वेला ढकलतो, रात्री जमिनीवरून समुद्राकडे उलटा येतो. हे रोजचं झाडूपोछा. थंडीत वारा मंदावला की वर गरम हवेचं झाकण बसतं आणि खालचं खालीच राहतं, मग कुलाबा काय आणि कुर्ला काय.

पण पिनकोड विचारत नाही हे नाही पटलं. दुपारचा वारा पूर्वेला चेंबूर-गोवंडी-मानखुर्दवरून जातो आणि रात्रीचा वारा खाडीच्या बाजूने, म्हणजे देवनारच्या कचरा डंपिंगवरून, आधी गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीत शिरतो. त्यांना दोन्ही वेळेला मिळतं. खाडीकाठ यांचा पहाटे चारचा वास कुठून येतो ते यात आलं. आणि ३०० असेल त्या दिवशी तुम्ही काय केलं हो? मी सांगतो मी काय केलं, वर्क फ्रॉम होम घेतलं आणि एसी लावून बसलो. आकडा एक असला तरी छातीत किती गेलं ते वेगळं.

झाडूखातं

हे वर जे झाकण म्हणताय ना, त्याच्यावर बोलतो. माझे वडील पालिकेत सफाई कामगार होते, आता रिटायर. हजेरी सकाळी साडेसहाला. म्हणजे हवा सगळ्यात खाली दबलेली असते ना, बरोब्बर त्या वेळेला रस्ता झाडायचा, आणि झाडताना रात्रभर बसलेली धूळ परत उडवायची ती पण आपल्याच तोंडावर. वर काम मेहनतीचं, माणूस बसून जेवढा श्वास घेतो त्याच्या तीनचार पट हवा आत ओढतो झाडताना. ॲपवर सूचना येते, 'सकाळी घराबाहेर पडणे टाळा, मास्क वापरा'. वाचून दाखवली होती बाबांना. ते म्हणाले मुकादमाला पाठव.

मास्क मिळायचे, नाही असं नाही, ते हिरवे कापडी. ते लावून तासाभरात घामाने चिकटतात, मग गळ्यात. एन-९५ लावून झाडून बघा कोणीतरी, दहा मिनिटं. मी बघितलंय लावून, दम लागतो.

सेम पेपरवाले, दूधवाले, सिग्नलवरचे ट्रॅफिक हवालदार. मुंबईची हवा खराब म्हणजे यांची खराब, बाकी आपण त्यातून ये-जा करतो.

सुगरण_नसलेली

झाडूखातं +१. "मुकादमाला पाठव" वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. बाबांची तब्येत कशीये आता?

झाडूखातं

ठीक आहेत. जिना चढताना दोनदा थांबतात. डॉक्टर विचारतात विडी किती ओढायचे, आयुष्यात ओढली नाही.

माहुलची_आठवण

इतके दिवस नुसती वाचत होते, आज राहवलं नाही. आम्ही तानसाच्या पाण्याच्या पाइपलाइनला लागून राहणारे. २०१७ ला घर तुटलं आणि चेंबूरजवळ, रिफायनरीच्या शेजारी माहुलला पाठवलं. बिल्डिंगी चकाचक, लिफ्टबिफ्ट, सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या चला एकदाचं पक्कं घर. आठ दिवसात घरात सगळ्यांच्या अंगाला खाज. रात्री एक वास यायचा, कसा सांगू, गॅसची शेगडी उघडी राहिल्यासारखा, उठून उठून शेगडी बघायचे मी. ऑगस्ट २०१८ ला रिफायनरीत मोठा स्फोट झाला तेव्हा खिडकीच्या काचा फुटल्या आणि त्या दिवसापासून सासूबाई चप्पल उशाशी घेऊन झोपायच्या.

खाडीकाठ भाऊ, तुमच्या मिसेस हसल्या ना डॉक्टरसमोर, ते मला बरोब्बर कळलं. आपल्याला जागा देतात ती कोणी घेत नाही म्हणून उरलेली असते.

आता आम्ही तिथून निघालो, भाड्याने विक्रोळीला राहतो. भाड्यात अर्धा पगार जातो पण सासूबाई झोपतात.

तारीख_पे_तारीख

माहुलचा विषय निघालाच आहे तर कागदावर काय आहे ते टाकतो, कारण लोकांना वाटतं की ह्या रहिवाशांच्या तक्रारी म्हणजे मनाचे खेळ.

केईएम हॉस्पिटलने २०१३ ला तिथे पाहणी केली होती, त्यात ६७ टक्के लोकांना महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती, ८४ टक्क्यांना छातीत कोंडल्यासारखं. ही पाहणी मूळच्या गाववाल्यांची, पाइपलाइनवाले तेव्हा आलेच नव्हते! त्याच्या आधारावर हरित लवादाने डिसेंबर २०१५ ला म्हटलं की माहुल-आंबापाड्याच्या लोकांच्या आरोग्याला हवेमुळे धोका आहे. आणि याच्यानंतर, परत सांगतो नंतर, २०१७ पासून हजारो कुटुंबं तिथे आणली. माहुल नको म्हणून विद्याविहारला लोक फुटपाथवर बसले कित्येक महिने. सप्टेंबर २०१९ ला हायकोर्टाने सांगितलं की ज्यांना तिथे राहायचं नाही त्यांना महिना १५,००० भाडं द्या. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींचा दंड लावला. ह्यातली गोम अशी की तिथला मुख्य त्रास धुळीचा नाहीच, तेलाच्या टाक्यांमधून उडणाऱ्या वायूंचा आहे. नुसत्या पीएमच्या आकड्याकडे बघून माहुलची हवा कळणारच नाही.

गोवंडीचं म्हणाल तर देवनारचं डंपिंग १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ ची आग उपग्रहातून दिसली होती, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शिवाय दवाखान्यांचा कचरा जाळायची भट्टी पण तिथेच, ती हलवायला हायकोर्टाने २०२३ ला दोन वर्षांची मुदत दिली होती. आणि २०२४ ला त्याच डंपिंगची १२४ एकर जागा धारावी प्रकल्पातल्या घरांसाठी द्यायला सरकारने मंजुरी दिली. म्हणजे घर गेलेल्यांची अजून एक खेप येणार.

अवांतर: खिडकीतून कालवण देण्याइतकं अंतर हा विनोद नाहीये. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या इकडच्याच पुनर्वसन वसाहतींत डॉक्टरांच्या एका संस्थेने २०१८ च्या आसपास अभ्यास केला होता, तिथे बिल्डिंगींमध्ये जेमतेम तीन मीटर, ऊन नाही वारा नाही, आणि टीबी खालच्या मजल्यांवर जास्त. अंतर ठेवून बांधलेल्या जवळच्याच दुसऱ्या कॉलनीत टीबी पुष्कळ कमी. पुनर्वसनाला बांधकामाच्या नियमांत सूट देतात ती सूट कोणाला पडते बघा.

कुलाबकर

@तारीख_पे_तारीख हे २०१५ आणि २०१७ चं मला खरंच माहीत नव्हतं. माझं वाक्य मागे घेतो. पण बांधकामाच्या धुळीबद्दल कोणीच बोलत नाहीये, आमच्याकडे तर चोवीस तास डंपर. कामं बंद केली पाहिजेत हिवाळ्यात सरळ.

सेंट्रिंग

साहेब बंद केली की काय होतं ते मी सांगतो, मी साइटवर सुपरवायझर आहे. डिसेंबर २०२४ ला भायखळा आणि बोरिवली पूर्वेची कामं पालिकेने थांबवली होती. बिल्डरला तारीख पुढे गेली, फ्लॅटवाल्याला ताबा उशिरा. नाक्यावरून आणलेल्या मजुराची त्या दिवसाची हजेरी गेली ती गेली. आणि तो राहतो कुठे, त्याच साइटवर पत्र्याच्या खोलीत, म्हणजे धूळ पण त्याचीच आणि रोजी पण त्याचीच. दिल्लीत निदान सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कामं थांबवाल तर सेसच्या, म्हणजे मजुरांच्या कल्याणासाठी बांधकामावर घेतात त्या कराच्या, पैशातून मजुरांना भत्ता द्या. तो सेस आपल्याकडे पण प्रत्येक बिल्डर भरतो, कामगार मंडळाकडे जमा आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात नियम आले ना, ३५ फुटी पत्रे लावा, हिरवं कापड लावा, पाणी मारा. पत्रे आम्ही लावले. पत्र्यांनी बाहेरच्या रस्त्यावर धूळ कमी जाते, हे खरं. आतले कुठे जाणार? कटर मारणारी पोरं तोंडाला रुमाल बांधून उभी. पाणी मारून कापलं तर धूळ बसते हे सगळ्यांना माहितीये, पण चिखल होतो, स्पीड कमी होतो, ठेकेदार ओरडतो. मी पण ओरडलोय, लपवत नाही.

पावकटर

बेकरीवाला बोलतो. जानेवारी २०२५ ला हायकोर्टाने सांगितलं लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यात गॅसवर न्या. मी म्हणतो बरोबर आहे, भट्टीसमोर उभा राहणारा पोरगा किती धूर खातो ते मला माहीत आहे, आणि भंगारातलं रंग लावलेलं फर्निचर जाळतात त्याचा धूर अजून वाईट. पण गॅसचं कनेक्शन आमच्या गल्लीत येतच नाही आणि इलेक्ट्रिक ओव्हन लाखाच्या पुढे. पाव महाग झाला तर परत हेच गिऱ्हाईक ओरडणार. सोसायटीवाले तक्रार करतात ते पण बरोबर. सगळेच बरोबर आहेत आणि धूर चालूच आहे.

फिल्टरबाबा

धागा मोठा झाला, पण खाडीकाठ यांचा प्रश्न मधेच राहिला. मला विचाराल तर हे करा:

पंप चालू ठेवा डॉक्टर सांगतील तसा, बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका, बरेच जण हीच चूक करतात. कॉइल बंद. पहाटे वास असेल तेव्हा खिडकी लावून घ्या आणि अकराच्या पुढे वारा सुटला की उघडा, चोवीस तास बंदही नको आणि उघडीही नको. फोडणीच्या वेळेला धूर बाहेर फेकणारा सहा-आठ इंची एक्झॉस्ट फॅन, हजार-दीड हजारात काम होतं. सहा हजारातले राहिलेले बालवाडीला, वहिनी बरोबर बोलतायत.

आणि पहाटे कुठे काय जळतंय ते एकदा मोबाइलवर वेळेसकट शूट करा. नुसता 'वास येतो' म्हटलं की कोणी ऐकत नाही.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. रात्री बायकोला सगळं वाचून दाखवलं. माहुलवाल्या ताईंचं वाचताना ती गप्प बसली, मग म्हणाली चप्पल उशाशी नाही निदान आपल्याकडे.

प्युरिफायर नको म्हणून कळवून टाकलं ऑफिसात. कॉइल लावायचो, रोज, कबूल. मच्छरदाणी आणली, मुलीला तंबूसारखं वाटतं म्हणून ती दुपारी पण त्यातच बसते.

पहाटेचा शोध लागला. गुरुवारी खाली उतरून गेलो, मागच्या बाजूला दोन पोरं वायरींची भेंडोळी जाळून तांबं काढत होती. पंधरा-सोळा वर्षांची असतील. माझं तोंड बघून एक जण म्हणाला अंकल पाच मिनिट, होतंच आलं. तो स्वतः त्या धुरावर वाकून काठीने ढवळत होता, खोकत होता. मी व्हिडिओ काढायला मोबाइल काढला आणि परत खिशात टाकला. तक्रार केली तर पोरांना पकडतील, वायर विकत घेणाऱ्याला नाही. काय करायचं अजून ठरलं नाही, कोणाला अनुभव असेल तर सांगा.

एक्झॉस्ट फॅन घेतलाय, रविवारी बसवतोय.

सेंट्रिंग

दादा फॅन कुठल्या बाजूला बसवताय? एकच खिडकी म्हणालात ना. मग तो धूर सरळ समोरच्या काकूंच्या घरात जाणार.

खाडीकाठ

हो, ते काल लक्षात आलं. काकूंना विचारायला गेलो तर त्यांच्याकडे आधीपासून आहे, गेली दोन वर्षं त्यांचा आमच्याकडे सोडतायत. म्हणून ती मिरची रोज आमच्याकडे यायची! आता असं ठरलंय की दोघांनी मिळून पाइप टाकून गच्चीपर्यंत वर न्यायचा. पाच मजले वर आहेत. सहा इंची पीव्हीसी चालेल का गरम धुराला, आणि फूट काय भाव पडेल?

सेंट्रिंग

फोडणीच्या धुराला पीव्हीसी चालतं, एवढा गरम नसतो. पण घरातला छोटा फॅन पाच मजले वर नाही ढकलणार, गच्चीवर पाइपच्या तोंडाशी वेगळा फॅन लागेल. आणि दोघांचा एकच पाइप केलात तर झडप टाका, नाहीतर एकाचा बंद असताना दुसऱ्याचा धूर त्याच्याच घरात उतरेल. भावाचं उद्या दुकानात विचारून सांगतो. वरच्या मजल्यावाल्यांशी बोललात का, पाइप त्यांच्या खिडकीवरून जाणार.